फॉर्म छापण्याआधी तुम्हाला विचारायचं असतं

मागच्या अंकात अमेरिकी सरकारी फॉर्मच्या कोपऱ्यातल्या ‘ओएमबी नंबर’बद्दल, म्हणजे त्या फॉर्मला मिळालेल्या मंजुरीच्या खुणेबद्दल, दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते. न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी संदर्भ विभागात नोकरी केली. नागरिकत्वाचे, कराचे, आईवडिलांच्या व्हिसाचे फॉर्म घेऊन लोक माझ्या टेबलाशी यायचे. मी वकील नाही. कायद्याचा सल्ला हवा असेल तर वकिलाकडेच जायला हवं. पण फॉर्म भरताना माणूस कुठे अडतो हे मी जवळून पाहिलंय, आणि ते फॉर्म बनवणाऱ्यांच्या कानावर घालता येतं हे आपल्या लोकांना ठाऊक नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : आईबाबा साताऱ्याला असतात. त्यांच्या व्हिजिटर व्हिसासाठी डीएस-१६० भरायला बसलो, तर गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियावरची खाती विचारली. आईचं फेसबुक मावसबहिणीनं उघडून दिलंय, त्याचं नाव काय ठेवलंय हे आईला माहीत नाही. बाबांचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. हे प्रश्न ठरवतं कोण? आणि ठरवण्याआधी कुणाला विचारतात की नाही? — एक वाचक, फ्रिमॉन्ट, कॅलिफोर्निया

विचारतात. विचारावंच लागतं, कारण तसा कायदा आहे. १९८० चा पेपरवर्क रिडक्शन अ‍ॅक्ट. १९९५ मध्ये तो नव्यानं लिहिला गेला. फेडरल सरकारच्या कुठल्याही खात्याला दहा किंवा जास्त लोकांना तेच प्रश्न विचारायचे असतील, मग तो फॉर्म असो, सर्वेक्षण असो की फोनवरची प्रश्नावली, तर व्हाइट हाउसच्या अखत्यारीतल्या ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेटची, म्हणजे ओएमबीची मंजुरी घ्यावी लागते. त्याआधी फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिकडच्या राजपत्रात नोटीस द्यायची आणि लोकांना ६० दिवस द्यायचे. आलेल्या हरकती-सूचना वाचून खात्यानं प्रस्ताव ओएमबीकडे पाठवायचा. तेव्हा दुसरी नोटीस निघते आणि आणखी ३० दिवस मिळतात. या खेपेला आपलं म्हणणं थेट ओएमबीपर्यंत पोचवता येतं. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची. ती संपत आली की पुन्हा नोटीस, पुन्हा हरकती. डीएस-१६० चा नंबर आहे १४०५-०१८२. हा नंबर म्हणजे त्या मंजुरीची खूण.

आता तुमच्या आईबाबांना आलेला प्रश्न. परराष्ट्र खात्यानं त्याची नोटीस ३० मार्च २०१८ ला काढली. तात्पुरत्या व्हिसाचे वर्षाला सुमारे १ कोटी ४० लाख अर्जदार आणि कायम राहायला येणारे ७ लाखांवर, एवढ्या लोकांना तो विचारायचा होता. विरोध भरपूर झाला, तरी २०१९ च्या मे महिनाअखेर प्रश्न फॉर्मवर आला. तेव्हाच्या यादीत गूगल प्लस होतं, जे त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंद पडलं होतं. ‘वाइन’ हे छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅपही होतं, ते तर त्याच्याही आधी संपलं होतं. आणि साताऱ्याच्या प्रत्येक घरात असलेलं व्हॉट्सअ‍ॅप यादीत नव्हतं. ही यादी ज्यांना भरायची आहे त्यांच्यापैकी कुणाशी बोलून केलेली असती, तर ती अशी दिसली नसती.

हरकतींचा कधीच उपयोग होत नाही असा याचा अर्थ घेऊ नका. हाच प्रश्न होमलँड सिक्युरिटी खात्याला, म्हणजे नागरिकत्व आणि स्थलांतराचे अर्ज पाहणाऱ्या खात्याला, आपल्या फॉर्मांवर घालायचा होता. त्यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये नोटीस काढली. एप्रिल २०२१ मध्ये ओएमबीनं तो प्रस्ताव परत पाठवला. कारण दिलं की ही माहिती प्रत्यक्षात काय उपयोगाला येईल हे खात्यानं पुरेसं दाखवलेलं नाही. त्या शब्दांकडे नीट पाहा. ‘प्रत्यक्ष उपयोग’ ही या कायद्यातली कसोटीच आहे. मग ५ मार्च २०२५ ला नागरिकत्व, ग्रीन कार्ड, आश्रय वगैरे अर्जांसाठी तीच मागणी नव्या नोटिशीतून पुन्हा आली आणि पुन्हा ६० दिवस मिळाले. प्रश्न परत येतात, म्हणून हरकतीही परत लिहाव्या लागतात.

आईच्या खात्याचं नाव तिच्या प्रोफाइलच्या पत्त्यात दिसेल, मावसबहिणीला व्हिडिओ कॉलवर घेऊन ते काढून घ्या. माहीत आहे ते खरं लिहा. व्हिसाच्या अर्जात अंदाजपंचे काही टाकू नका.

प्रश्न : कोपऱ्यात नंबर नसेल तर फॉर्म भरायचाच नाही का? — एक वाचक, इर्विंग, टेक्सास

कायदा एवढंच म्हणतो की वैध नंबर नसलेल्या फॉर्मला उत्तर दिलं नाही म्हणून तुम्हाला दंड करता येत नाही. याचा आधार घेऊन ‘मी करच भरणार नाही’ म्हणत कोर्टात गेलेले लोक हरले आहेत, कारण कर भरायची जबाबदारी फॉर्ममधून येत नाही, कायद्यातून येते. तेव्हा नंबर दिसला नाही तर आधी त्या खात्याला विचारा. बनावट पत्रांच्या या दिवसांत नंबर तपासण्याचा तो एक चांगला उपयोग आहे. सरकारच्या ‘रेगइन्फो’ संकेतस्थळावर तो टाकला की फॉर्म कुणाचा आणि कधीपर्यंत मंजूर, ते दिसतं.

प्रश्न : माझं ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज पुढच्या वर्षी करायचा आहे. फॉर्मबद्दल सूचना पाठवायची फार इच्छा आहे. मिस्टर म्हणतात, नसत्या भानगडीत पडू नकोस, केस अडकेल. मी नागरिक नसताना लिहू शकते का? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

लिहू शकता. नागरिकच असलं पाहिजे अशी अट नाही. वरच्या पत्रातले साताऱ्याचे आईबाबासुद्धा लिहू शकतात.

मिस्टरांच्या काळजीला मात्र मी उडवून लावणार नाही. आपल्या माणसांनी पै-पै जोडून, वर्षानुवर्षं थांबून इथली कागदपत्रं मिळवलेली असतात. भीती वाटणारच. म्हणून काय होतं ते सरळ सांगते. तुम्ही पाठवलेलं लिखाण सहसा सगळ्या जगाला वाचता येतं. सूचना पाठवायच्या सरकारी ‘रेग्युलेशन्स’ संकेतस्थळावर पाठवताना तीन पर्याय असतात : स्वतःच्या नावानं, संस्थेच्या वतीनं, किंवा निनावी. निनावी पाठवायचं तर मजकुरात नाव नको, जोडलेल्या फाइलच्या नावातही नको. फाइलच्या आत लेखकाचं नाव आपोआप नोंदलेलं असतं, तेही काढायचं. त्यापेक्षा फाइल न जोडता मजकूर तिथल्या चौकटीतच टाइप करा. एलियन नंबर (परदेशी नागरिकाला सरकार देतं तो ओळख क्रमांक), पावती नंबर, पासपोर्ट, पत्ता यातलं काहीही कुठल्याही पर्यायात लिहू नका. माझ्या केसचं असं झालं, अशी स्वतःची तक्रार तिथे घालायची नाही. ती जागा फॉर्मबद्दल बोलायची आहे.

एवढं करूनही मन धजत नसेल तर तुमचा अनुभव स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे द्या. त्या अशा नोटिशींना नेहमी उत्तर देतात आणि त्यांना खऱ्या माणसांचे खरे प्रसंग हवे असतात. तुमचा अनुभव त्यांच्या नावानं पोचेल.

प्रश्न : मुलीला जन्मापासून कमी ऐकू येतं, ती श्रवणयंत्र लावते. शाळेच्या पालकगटात मागे जनगणनेच्या अपंगत्वाच्या प्रश्नांवरून खूप पत्रं लिहून घेत होते. मीही एक पाठवलं. पुढे काय झालं कळलं नाही. अशा पत्रांनी खरंच काही फरक पडतो? — एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

पडला. तुमच्या पत्राचंही त्यात काम आहे. हे प्रकरण मी तेव्हा बारकाईनं वाचलं होतं. सूचना कशा उपयोगी पडतात याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दर दहा वर्षांच्या शिरगणतीखेरीज सेन्सस ब्यूरो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे घेतो. वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर तो जातो. त्यात अपंगत्वाचे सहा प्रश्न आहेत. ऐकणं, पाहणं, लक्षात ठेवणं आणि एकाग्र होणं, चालणं-चढणं, अंघोळ-कपडे, आणि एकट्यानं डॉक्टरकडे किंवा बाजारात जाणं. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. या प्रश्नांच्या आधारावर घरं, वाहतूक, आपत्तीतली मदत अशा कितीतरी गोष्टींचं नियोजन होतं.

२० ऑक्टोबर २०२३ ला ब्यूरोनं नोटीस काढली की हे प्रश्न बदलायचे आहेत. वॉशिंग्टन ग्रुप नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाची प्रश्नावली घ्यायची होती. त्यात उत्तराला चार पायऱ्या : अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, मुळीच जमत नाही. वरवर पाहिलं तर हे जास्त समजूतदार वाटतं. ‘हो-नाही’पेक्षा बरं. मला स्वतःला पहिल्या वाचनात तसंच वाटलं असतं, पण ब्यूरोचाच चाचणी अहवाल सोबत होता आणि खरी गोष्ट त्याच्या आकड्यांत होती. चारपैकी शेवटच्या दोन पायऱ्यांवर असलेल्यांनाच अपंग धरायचं होतं. २०२२ मध्ये दोन्ही प्रश्नावल्या लोकांना देऊन पाहिल्या, तेव्हा जुन्या प्रश्नांत १३.९ टक्के लोकांना अपंगत्व निघालं. नव्यात ८.१ टक्के.

तुमच्या मुलीचं उदाहरण घ्या. जुना प्रश्न विचारतो की ही व्यक्ती बहिरी आहे का, किंवा तिला ऐकण्यात गंभीर अडचण आहे का. तुम्ही ‘हो’ लिहाल. नवा प्रश्न श्रवणयंत्र लावूनही अडचण येते का, असं विचारणारा होता. यंत्र लावून वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीबद्दल आई काय लिहील? ‘थोडी अडचण.’ आणि ‘थोडी’वर खूण केली की ती मोजणीतून गेली. यंत्राची बॅटरी संपल्यावर, जेवणाच्या सुट्टीतल्या गोंगाटात, पोहण्याच्या तासाला तिला काय ऐकू येतं याला त्या चौकटीत जागाच नव्हती. असंच दीर्घ आजार असलेल्यांचं. आज ठीक, उद्या अंथरुणात, मग चौकट कुठली?

१९ डिसेंबरपर्यंत १२ हजारांहून जास्त सूचना आल्या. संशोधकांच्या, संस्थांच्या, आणि तुमच्यासारख्या घरातल्या माणसांच्या. अनेकांनी विचारलं की अपंग लोकांशी आधी का बोलला नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्यूरोचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट सँटोस यांनी जाहीर केलं की २०२५ च्या सर्वेक्षणात जुने प्रश्नच राहतील आणि पुढचा विचार अपंग समाजाला बरोबर घेऊन होईल.

१२ हजार हा आकडा मोठा आहे, आणि त्याचा दबावही पडला असणार. पण हे मतदान नव्हे. चार वाक्यांचं एकच पत्र हजार जणांनी नाव बदलून पाठवलं, तर खातं त्यांची एक गठ्ठी करतं आणि एकच मुद्दा म्हणून वाचतं. या वेळी पत्रं वजनदार ठरली, कारण ‘या चौकटीत माझं माणूस का दिसणार नाही’ हे लोकांनी दाखवून दिलं. कार्यालयात बसलेल्या तज्ज्ञाकडे सगळं असतं, फक्त तुमचं स्वयंपाकघर आणि तुमच्या मुलीची शाळा नसते. ती माहिती तुम्हीच देऊ शकता.

प्रश्न : मला लिहायचंय, पण काय लिहायचं? ‘हा फॉर्म फार मोठा आहे’ एवढंच सुचतं. आईनं नागरिकत्वाचा अर्ज केला तेव्हा दोन शनिवार-रविवार गेले. — एक वाचक, कोलंबस, ओहायो

‘दोन शनिवार-रविवार गेले’ हेच लिहा. तो मुद्दा आहे.

प्रत्येक नोटिशीत खातं लिहितं की हा फॉर्म भरायला सरासरी इतका वेळ लागेल. हा अंदाज बरोबर आहे का हे लोकांना विचारणं त्याला कायद्यानं बंधनकारक आहे. शिवाय आणखी तीन गोष्टी विचारायच्या असतात : ही माहिती खात्याच्या कामाला खरंच लागते का, प्रश्न अधिक स्पष्ट आणि माहिती अधिक उपयोगी कशी होईल, आणि भरणाऱ्याचा त्रास कसा कमी होईल. यातल्या एकावर जरी नेमकं लिहिलंत तरी पुरे. आणि वेळ म्हणजे नुसता लिहायचा वेळ नव्हे. सूचना वाचणं, कागद शोधणं, ते जुळवणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत धरलं जातं. हे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून लोक खात्याचा आकडा मुकाट्यानं मान्य करतात.

नागरिकत्वाच्या एन-४०० मध्ये गेल्या पाच वर्षांतले २४ तास किंवा जास्त मुदतीचे सगळे परदेश प्रवास तारखांसकट लिहायचे असतात. आमच्या ग्रंथालयात सगळ्यात जास्त वेळ तिथे जायचा. एक आजी मला आठवतात, सांगलीकडच्या. दर हिवाळ्यात भारतात जायच्या. त्या पाच वर्षांत त्यांचा पासपोर्ट बदलला होता. जुना मुलाच्या घरी, नवा हातात. शिक्के फिकट, एकावर एक मारलेले. भारतातल्या शिक्क्यावरची तारीख भारतात उतरल्याची, इथून निघाल्याची नाही. मधे एकदा त्या मुलीकडे टोरांटोला गाडीनं चार दिवस जाऊन आल्या होत्या, त्याचा शिक्काच नाही. नातीच्या वाढदिवसाच्या फोटोवरून ती तारीख निघाली. फॉर्मवर ही सगळी खटपट म्हणजे एका तक्त्यातल्या काही ओळी.

आजींच्या मुलानं यावर सूचना लिहिली असती, तर ती साधारण अशी हवी :

‘मी माझ्या ७४ वर्षांच्या आईला एन-४०० भरायला मदत केली. परदेश प्रवासाच्या तक्त्यासाठीच आम्हाला सहा तास लागले, कारण दोन पासपोर्ट, विमानाच्या ईमेल आणि कॅनडाच्या सरहद्दीवरचा शिक्का नसलेला प्रवास जुळवावा लागला. तुमच्या अंदाजात कागद शोधण्याचा हा वेळ दिसत नाही. देशात येण्या-जाण्याच्या नोंदी सरकारकडे असतात. ऑनलाइन अर्जात त्या आधीच भरून दाखवाव्यात आणि अर्जदारानं फक्त तपासून दुरुस्त कराव्यात. ते शक्य नसेल तर नेमकी तारीख आठवत नसल्यास काय लिहावं, हे त्या तक्त्याच्या वरच छापावं.’

संपलं. राग नाही, राजकारण नाही. कुठला प्रश्न, काय अडचण, किती वेळ, काय केलं तर सुटेल. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. फॉर्मचं नाव आणि ओएमबी नंबर सुरुवातीला घाला, म्हणजे सूचना योग्य गठ्ठ्यात जाते. शोधायचं कसं? फेडरल रजिस्टरच्या संकेतस्थळावर फॉर्मचं नाव टाका. नोटिशीत शेवटची तारीख, पाठवायचा पत्ता आणि प्रस्तावित फॉर्म कुणाकडे मागायचा ते दिलेलं असतं. फॉर्म मागून घ्याच. नोटिशीतला सारांश वाचून सूचना लिहू नका, बदल बहुतेकदा फॉर्मच्या आतल्या पानावर असतो.

पाठवल्यावर पाठपुरावाही करता येतो. रेगइन्फोवर त्या नंबराखाली ‘सपोर्टिंग स्टेटमेंट’ नावाचा दस्तऐवज सापडतो. त्यातला आठवा मुद्दा उघडा. लोकांनी काय म्हटलं आणि त्यावर खात्यानं काय केलं, हे तिथे लिहावं लागतं. तुमचा मुद्दा टाळून पुढे गेलेले दिसले, तर ३० दिवसांच्या फेरीत ओएमबीला तेच सांगा. ‘आम्ही अमुक विचारलं होतं, आठव्या मुद्द्यात त्याला उत्तर नाही’ हे वाक्य फार कामाचं आहे.

प्रश्न : नाशिकला महापालिकेचा विकास आराखडा निघाला की हरकती-सूचना मागवतात. सरकारनं आपल्याकडून गोळा करायच्या माहितीबद्दल मात्र कुणी विचारल्याचं आठवत नाही. आपल्याकडे असा कायदा आहे? — एक वाचक, नाशिक

प्रत्येक फॉर्मआधी लोकांना विचारायची सक्ती करणारा कायदा भारतात नाही. आराखड्याच्या हरकतींना १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचा आधार आहे, सुनावणीही असते. विधेयकं आणि नियमांबद्दल केंद्र सरकारचं २०१४ चं धोरण आहे : मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. पण ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळलं नाही तर कोर्टात फारसं काही करता येत नाही.

अलीकडचं एक उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला आणि केंद्र सरकारच्या ‘मायगव्ह’ संकेतस्थळावर सूचना मागवल्या. मुदत १८ फेब्रुवारीपर्यंत होती, ती ५ मार्चपर्यंत वाढवली. पण आलेल्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत, हेही तेव्हाच सांगितलं होतं. मला हे मनापासून खटकलं. दुसऱ्यानं काय हरकत घेतली हे दिसलं तरच तुम्हाला तुमचा मुद्दा पुढे नेता येतो, आणि सरकारनं कुठल्या मुद्द्याला उत्तर दिलं नाही हेही तेव्हाच कळतं. माहितीबद्दलच्या नियमांवर लोकांनी लिहिलेलं लोकांनाच वाचता येऊ नये, हे बरोबर नाही. २०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. इतक्या नाजूक प्रश्नाची शब्दरचना, जातींची नावं कशी लिहायची, पोटजातीचं काय, यावर लोकांचं म्हणणं उघडपणे मागवायला हवं. तुम्ही तुमच्या खासदारांना हे लिहू शकता, त्याला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : घरी जाडजूड पाकीट आलंय, वर ‘कायद्यानं उत्तर देणं बंधनकारक’ असं लिहिलंय. आत घरातल्या प्रत्येकाबद्दल प्रश्न. एका ठिकाणी घरी बोलायची भाषा विचारली आहे. आम्ही घरात मालवणी बोलतो, मुलं इंग्रजी. काय लिहू? आणि हे खरं आहे की फसवणूक? — एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

वर्णनावरून ते वर सांगितलेलं अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच दिसतं. नंबर ०६०७-०८१० असेल तर खरं. उत्तर देणं बंधनकारक आहे. भरायला सुमारे ४० मिनिटं लागतील, असा त्यांचा अंदाज आहे. तुम्हाला किती लागली ते घड्याळ लावून नोंदवा, पुढच्या नोटिशीला उपयोगी पडेल. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे.

भाषेच्या जागी ‘इंडियन’ लिहू नका, ते कुठल्याच भाषेला पोचत नाही. मालवणी बोलता आणि ती मराठी म्हणून मोजली जावी असं वाटत असेल तर ‘मराठी’ लिहा. कोकणी म्हणून मोजली जावी असं वाटत असेल तर ‘कोकणी’. तो निर्णय घरात बसून करा, प्रत्येकासाठी वेगळा रकाना आहे. मुलांनी मराठी बोलायला हवी होती म्हणून त्यांच्या नावापुढे ती लिहू नका. बोलत असतील तरच.

हे सांगण्याचं कारण आहे. या सर्वेक्षणातून भाषांचा जो नेहमीचा तक्ता निघतो त्यात २०१६ पासून गुजराती वेगळी आहे, हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगाली वेगळ्या आहेत. तमिळ आणि तेलुगूही. मराठी कुठे आहे? ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’ या एका ओळीत. २०१५ मध्ये ब्यूरोनं सुमारे साडेतीनशे भाषांचे सविस्तर तक्ते काढले होते, त्यात मराठी स्वतंत्र होती. पण शाळा, इस्पितळं, काउंटीची कार्यालयं बघतात तो नेहमीचा तक्ता. आकडे लहान असले की नमुना अपुरा पडतो आणि माणसांची ओळख उघड व्हायचा धोका असतो, म्हणून भाषा एकत्र कराव्या लागतात, हे मला मान्य आहे. तरी इस्पितळात दुभाषा नेमणाऱ्याला या ओळीतून काय कळणार? पुण्याहून आलेल्या आजीला नेपाळी दुभाषा नको असतो, आणि काठमांडूहून आलेल्या आजोबांना मराठी.

यावर सूचना पाठवता येते, कारण गोळा केलेली माहिती अधिक उपयोगी कशी होईल हा नोटिशीत विचारायच्या त्या चार प्रश्नांतलाच एक आहे. निदान राज्याच्या पातळीवर तरी मराठी आणि नेपाळी वेगळ्या दाखवाव्यात, एवढीच मागणी आहे. तुमच्या गावच्या मराठी मंडळानं नेपाळी मंडळाला सोबत घेऊन ती केली तर दोघांचंही काम होईल. शाळेत किंवा दवाखान्यात दुभाषा न मिळाल्याचा एखादा खरा प्रसंग त्यात घाला, माणसाचं नाव मात्र नको. सर्वेक्षणाची पुढची नोटीस निघाली की शेवटच्या तारखेसकट याच पानावर देईन.